पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

सोमवार, १ सप्टेंबर

१. सकाळी रंगाचा सहावा नमुना थिनरमध्ये ढवळत होते. वाफ ओढणाऱ्या हूडसमोर, रोजच्या जागी.
२. जिभेवर गोडसर चव आली. मग कानात बोळे घातल्यासारखं झालं.
३. डबा सरळ ठेवला. झाकण लावलं. सांडू दिलं नाही.
४. मग खाली बसले. पडले नाही, बसले. हा फरक लिहून ठेवते, कारण दुपारपर्यंत सगळीकडे 'पडली' असं झालं होतं.
५. साहेब आले. म्हणाले, "सकाळी काही खाल्लं नसेल."
६. खाल्लं होतं. पोटभर.
७. सहावा महिना चालू आहे.

घडलं ते एवढंच. बाकी लोकांची मतं आहेत.

माझी मैत्रीण पिपेट, तिचं मत: हूडचा पंखा ओढत नाही. साहेबांचं मत: पंखा गेल्याच महिन्यात तपासलाय, पास आहे. नवऱ्याचं मत: "सोड ना ती नोकरी काही महिने." सासूबाईंचं मत, फोनवरून: "मन आनंदी ठेव गं. आईच्या मनातलं सगळं बाळावर उमटतं."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. आज राग आलाय. तोही उमटू दे. पुढे उपयोगी पडेल.

मंगळवार, २ सप्टेंबर

आज सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. जणू मी काचेची झालेय. फक्त पिपेट नेहमीसारखी.

ती वजनाच्या खोलीत बसते. उंच, बारीक, सरळ — म्हणून पिपेट. नाव मीच ठेवलं. तिने सूड म्हणून मला फूटपट्टी केलं. "काय फूटपट्टी, काल लोळण घेतलीस म्हणे?" "बसले होते." "तेच ते. मोजून बसली असशील."

तिला लाल टॅगचं वेड आहे. आमच्या प्रयोगशाळेत कुठलंही यंत्र बिघडलं की कुणीही त्याच्यावर लाल टॅग लावू शकतो — 'वापरू नये'. लावायला परवानगी लागत नाही. काढायला मात्र साहेबांची सही लागते, आणि सहीशेजारी कारण. पिपेटने एकदा टॅग साहेबांच्याच खुर्चीला लावला होता. साहेब अर्धा दिवस उभे! शेवटी सही केली. कारण लिहिलं: 'खुर्ची सुस्थितीत आहे.' खाली पिपेटने पेन्सिलीने लिहिलं, 'बसणाऱ्याचं तपासलं नाही.'

आज तिने कॉफी घेतली नाही. कप माझ्याकडे सरकवला. म्हणाली, कालपासून जळका वास येतोय या मशीनला. मला नाही आला. तिला मशीनलाही टॅग लावायचा असेल.

गुरुवार, ४ सप्टेंबर

तपासणी. नवरा सोबत. चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस सांगून आला होता. दवाखान्यातल्या प्रत्येक माणसाचा चष्मा नाकावर नीट बसलाय का ते बघत होता. सवय.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब दोनदा घेतला. दुसऱ्यांदा घेतात तेव्हा कळतं. "वरचा आकडा जरा चढा आहे. घरी कुणाला?" आईला आहे. मग त्यांनी विचारलं, "तुमचं स्वतःचं जन्माचं वजन किती होतं?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. माहीत नव्हतं मला. मी! मला आमच्या पाण्याच्या टाकीचं घनफळ माहीत आहे.

माझ्या वजनाचा आजच्या आकड्याशी काय संबंध, असं विचारलं. त्यांनी नीट सांगितलं. पोटात असताना बाळाला रक्त, अन्न, प्राणवायू कमी पडला तर ते काटकसरीने वाढतं. आहे त्यात भागवायला शिकतं. ती सवय शरीराला पुढेही राहते — रक्तवाहिन्यांना, मूत्रपिंडांना. म्हणून लहान जन्मलेल्यांना मोठेपणी रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त असते. आणि मग तीच मुलगी आई होते. "शक्यता म्हणतेय हं मी. निकाल नाही."

बाई आवडल्या मला.

"म्हणजे आता मी जे करीन ते याच्या म्हातारपणापर्यंत जाणार," मी म्हटलं. "तुम्ही एकट्या नाही करत," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय खाता, किती उभ्या राहता, कशात श्वास घेता — त्यातलं किती तुमच्या हातात असतं?"

थिनरबद्दल विचारलं. किती चालतं? "किती चालतं याचा आकडा माझ्याकडे नाही. कमी तेवढं बरं. आणि एक, हे सगळं पोट दिसायला लागल्यावर सुरू होतं असं समजू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत तर अवयव घडत असतात. तेव्हा कितीतरी जणींना माहीतही नसतं."

नवरा उठताना म्हणाला, "माझं जन्माचं वजन नाही विचारलं?" "विचारलं असतं. पण तुमचं पोट आज तपासायचं नाहीये." जिन्यात म्हणाला, "बाई जरा तिखट आहेत." मग पोटाकडे वाकून, "ऐकलंत ना, आतले साहेब? तुम्ही काटकसर करायची नाही. मागून घ्यायचं." जिन्यात लोक होते. मी पुढे निघून गेले. पण ऐकलं.

गोळी सुरू. दोन आठवड्यांनी परत.

शनिवार, ६ सप्टेंबर

आईकडे गेले. ती इस्त्री करत होती. मी सरळ विचारलं — माझं जन्माचं वजन किती होतं?

"भरलं नव्हतं."

किती?

"नर्सने सांगितलं होतं. विसरले मी."

आई विसरत नाही. तिला वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या शेजाऱ्यांचा फोन नंबर पाठ आहे. "का विचारतेस?" म्हणून तिने इस्त्री तशीच धरली. मी डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सांगितलं, जसंच्या तसं, शक्यता आणि निकाल हा फरक धरून. मग जळका वास आला. उशीच्या अभ्र्यावर इस्त्रीचा तांबडा त्रिकोण उठला होता. आईच्या हातून कपडा जळलेला मी जन्मात पाहिला नाही.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

मग बोलली. तुटक तुटक, अभ्र्याची घडी घालत. मी पोटात होते तेव्हा ती छापखान्यात होती. घासलेटाच्या बोळ्याने यंत्राचे रोलर पुसायचे आणि मग उभ्याने कागद मोजायचे. पाय सुजायचे, चपलेत मावायचे नाहीत. डोकं ठणकायचं. रक्तदाब कुणी तपासला नाही. तिला तेव्हा तो शब्दही माहीत नव्हता. आठव्या महिन्यात मी आले, मूठभर. पुढे दर हिवाळ्यात माझी छाती भरायची आणि तिच्या सासूबाई शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "हौसेने कामाला जायची ना! आता पोर भोगतेय."

"हौसेने?" मी म्हटलं.

"स्टूल मागितलं होतं मी. मालकाकडे. एक साधं लाकडी स्टूल, कागद मोजताना टेकायला. म्हणाले, एकीला दिलं की सगळ्या मागतील."

मला अशा वेळी काय करतात ते येत नाही. पाठीवर हात वगैरे. मी म्हटलं, "एका केसवरून कारण सिद्ध होत नाही. घासलेट, उभं राहणं, रक्तदाब, की यातलं काहीच नाही — हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण स्टूल कुणी मागितलं आणि कुणी नाकारलं, हे नक्की आहे. दोष लावायचाच तर तिथे लावायचा."

"तू नेहमी अहवालासारखं बोलतेस."

"हो. अहवालच आहे."

ती हसली जराशी. मग इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हणाली, "स्टूल दिलं असतं तर बरं झालं असतं गं. पाय फार दुखायचे."

अठ्ठावीस वर्षं! अठ्ठावीस वर्षं तिने ते स्वतःवर घेतलं. आणि तो मालक मजेत जगून मेला असेल.

निघताना दारात हळूच म्हणाली, "एक किलो नऊशे."

सोमवार, ८ सप्टेंबर

सापडलं.

हूड म्हणजे तीन बाजूंनी बंद कपाट. समोर वरखाली होणारी काच, मागे पंखा. वाफ मागे ओढली जावी, माणसाकडे येऊ नये, एवढंच त्याचं काम. ओट्यावर कडेपासून वीतभर आत एक पिवळी पट्टी रंगवली आहे. डबे पट्टीच्या पलीकडे ठेवायचे. पलीकडे पंखा पकडतो. अलीकडे त्याचा भरवसा नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना शिकवतात.

आज साफ करताना ओटा नीट बघितला. डब्यांच्या बुडाची गोल वळी उमटलेली आहेत. जुनी, फिकी वळी पट्टीच्या पलीकडे. त्याहून ताजी पट्टीवर. या महिन्यातली सगळी अलीकडे, कडेला येऊन. माझं पोट जसं पुढे आलं तसा डबा पुढे आला. हात तेवढेच आहेत ना! पोट कडेला टेकलं की हात पलीकडे पोचत नाहीत. वाकले तर डोकंच आत जातं. मी नियम मोडतेय हे मलाच कळलं नाही, कारण मी रोज फक्त बोटभर सरकत होते.

म्हणजे पंखा पास आहे. साहेब खोटं बोलत नाहीत. फक्त पंखा तपासायला मापवाला येतो तेव्हा हूडसमोर कुणीच उभं नसतं. तो काच खुणेपर्यंत आणतो, वाऱ्याचं यंत्र धरतो, आकडा लिहितो, जातो. कपाट पास होतं. माणूस उभा राहिला की काम सुरू होतं, पण तपासणी कपाटाची होते. उभी राहणारी बाई असेल, पोटुशी असेल, बुटकी असेल — तिच्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

साहेबांना ओटा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला.

"डाग आहेत."

"डब्यांची जागा आहे ती. महिन्यागणिक पुढे आलेली."

"मग तुम्ही पलीकडे ठेवायला हवे होते ना डबे. नियम आहे."

"हात पोचत नाहीत."

"बघा, मी काय म्हणतो," साहेब वडीलधाऱ्या सुरात, "तुम्ही आता घरी बसा. बिनपगारी, पण जागा राखून ठेवतो. पहिलं बाळ आहे. या दिवसांत बायकांनी जपावं. कशाला उगाच?"

मी म्हटलं, मला घरी नाही बसायचं. ओट्याची रुंदी कमी करा. किंवा पुढच्या कडेला वाफ ओढणारी दुसरी नळी लावा. आणि उंच स्टूल द्या, म्हणजे बाजूने बसून हात पलीकडे जाईल. तिन्ही गोष्टी होण्यासारख्या आहेत.

साहेब म्हणाले, "एकीला दिलं की सगळ्या मागतील."

अक्षरशः हेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझ्या अंगावर काटा आला. साहेबांना वाटलं पुन्हा चक्कर येतेय, त्यांनी घाईने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

वर म्हणाले, "आणि तुमची उंची कमी, सवय वाकून काम करायची. एका माणसावरून काय ठरतं?"

यात त्यांचं बरोबर आहे. हे लिहायला त्रास होतोय, पण आहे. आईला मीच ते सांगितलं होतं.

बुधवार, १० सप्टेंबर

नवरा: "जाऊ दे ना. घरी बस. मी ओव्हरटाइम करीन."

मी: "म्हणजे मी गेले की हूड बरा होतो?"

नवरा: "तसं नाही गं—"

मी: "मग?"

तो माझा चष्मा पुसायला लागला. उत्तर सुचलं नाही की माझा चष्मा पुसतो. आज फार वेळ पुसला. शेवटी म्हणाला, "मग सिद्ध कर. तुला येतं ते."

हे मात्र बरोबर बोलला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत केलं. प्रयोगशाळा रिकामी होती.

अडचण साहेबांनीच सांगितलेली: दोन माणसं घेतली तर उंची वेगळी, सवय वेगळी. म्हणून माणूस एकच हवा. पोट दोन. एकदा सपाट, एकदा पुढे आलेलं. मी माझं काढून ठेवू शकत नाही. पिपेट मात्र लावू शकते!

कपाटातली धुराची नळी घेतली — ती फोडली की पांढरा धूर येतो, हवा कुठे जातेय ते दिसतं. मोबाइल टेकवून ठेवला. पिपेट हूडसमोर उभी. डबा तिचा हात सहज पोचेल तिथे. धूर सरळ आत गेला. जवळजवळ सगळा. एक बारीक दोरा काचेच्या खालून बाहेर आला आणि विरला.

मग पोट. यंत्र पुसायच्या सुती चिंध्यांचा गठ्ठा तिच्या एप्रनखाली कोंबला, दोरीने बांधला. आम्ही दोघी इतक्या हसलो की मला धाप लागली.

"जुळी आहेत गं!" पिपेट म्हणाली.

"हलू नकोस."

"लाथ मारली! फूटपट्टी, तुझी शपथ, चिंध्यांनी लाथ मारली!"

"सरळ उभी राहा, मोजायचंय मला."

पुन्हा डबा हात सहज पोचेल तिथे. आपोआप पट्टीच्या अलीकडे आला, मी काही सांगितलं नाही. धूर वर उठला, तिच्या पोटाला धडकला, आणि पोटाला धरून वर — छातीवर, गळ्यावर, तोंडावर. पंखा सुरू होता. कागदावर पास असलेला पंखा! पिपेट हसायची थांबली.

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

मी नोंदी लिहीत होते. पिपेट गठ्ठा सोडायला वेळ लावत होती. काचेच्या कपाटात स्वतःला बघत होती. "मला बरं दिसतंय का गं?"

"एका बाजूला सरकलंय," मी म्हटलं.

तिने ते सरळ केलं. दोन्ही हातांनी.

सोमवार, १५ सप्टेंबर

साहेबांना चित्रफीत दाखवली. आधी हसले. "हे काय नाटक!" मग पुन्हा लावायला सांगितली. मग तिसऱ्यांदा, आवाज बंद करून. मग विचारलं, "अजून कुणी पाहिलंय हे?"

"अजून नाही."

'अजून' हा शब्द मी जरा सावकाश म्हटला.

साहेब पाणी प्यायले. "सपाट असताना तर सगळा आत जातोय."

"जवळजवळ सगळा."

"जवळजवळ म्हणजे झालंच की!"

मग तह. मला उद्यापासून नोंदींची खोली. टेबल, खिडकी, पूर्ण पगार. थिनरची खोली मला बाळंतपणापर्यंत बंद, परत आल्यावरही दूध पाजेन तोवर बंद. लेखी. हूडचं काय? "ते पुढच्या तपासणीत बघू. आता लाल टॅग वगैरे काही लावू नका हं, तो हूड बंद पडला तर अख्खा माल अडकेल. सगळ्यांच्या पोटावर पाय येईल. तुमचं काम झालं ना?"

झालं. सही घेतली. बाहेर येऊन जिन्यात एकटीच हसले. वडीलधाऱ्या सुराला धुराने हरवलं!

मंगळवार, १६ सप्टेंबर

आईला फोन केला. नोंदींची खोली मिळाली म्हटलं.

"खुर्ची आहे का?"

"आहे. चाकांची."

 मग, "पाठ टेकते?"

"टेकते."

"बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं हं." आणि लगेच, जड व्हायच्या आत, "आता खुर्चीत बसून ऑफिसभर घरंगळत नको फिरूस. लहानपणी तुला पाळण्यातून काढायला दोन माणसं लागायची."

"एक किलो नऊशेच्या बाळाला?"

"वजन नव्हतं. हट्ट होता."

गुरुवार, १८ सप्टेंबर

रक्तदाब जरा उतरला. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. आणि तुमच्या जागी कोण उभं राहतं आता?"

मी म्हटलं, पिपेट. म्हणजे एक सहकारी. उंच आहे. हात लांब आहेत, पट्टीच्या पलीकडे आरामात पोचतात. बाईंनी मान हलवली आणि पुढचा कागद घेतला.

हा प्रश्न मी स्वतःला का नव्हता विचारला?

विचारला होता. उत्तर पटकन मिळालं म्हणून पुढे गेले.

रविवार, २१ सप्टेंबर

सासूबाई आल्या. बाळाच्या दुपट्यांसाठी मऊ कापडाचे तुकडे शिवायला आणले. मी सगळं नाटक त्यांना सांगितलं, धुरासकट. वाटलं होतं, म्हणतील कशाला नस्ता ताप. त्या कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं, आईचं मन तेवढं जपायचं. हवेचं कुणी सांगितलंच नाही."

मग, "पण मनही जप हं." बरं. जपेन. राग धरून जपेन.

नवरा आतल्या साहेबांना म्हणाला, "तुमच्या आईने तुम्हाला खिडकी मिळवून दिली आहे. जन्माआधी! मला अजून मिळाली नाही."

मंगळवार, २३ सप्टेंबर

नोंदींच्या खोलीला काचेची भिंत आहे. पलीकडे हूड दिसतो. दिवसभर पिपेटची पाठ दिसते. सरळ, बारीक. डबा पट्टीच्या पलीकडे. सगळं नियमात.

मी मात्र दिवसभर काचेखालच्या त्या दोऱ्याकडे बघत होते. तो दिसत नाही. धूर सोडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून काय नसतो?

दुपारी ती दोनदा हूड सोडून बाहेर गेली. जेवणाचा डबा उघडला नाही. म्हणाली, वास नको वाटतो.

बुधवार, २४ सप्टेंबर

हात धुवायच्या जागी पिपेट शेजारी उभी राहिली. नळ सोडूनच बोलली, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. "तुझ्या बाई ते सुरुवातीच्या आठवड्यांचं काय म्हणाल्या होत्या गं?" मी सांगितलं. तिने नळ बंद केला. "त्या दिवशी चिंध्यांच्या आत खरंच कुणीतरी होतं, फूटपट्टी. मलाही माहीत नव्हतं. अजून कुणाला सांगायचं नाहीये मला."

नाही सांगणार. सांगायची गरजच पडू नये.

लाल टॅग लावला. पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. नक्कल इथे:

'हूड क्रमांक दोन मी बंद केला आहे. समोर कुणीही उभं असलं तरी त्यातून वाफ बाहेर येते. चित्रफीत आपण पाहिली आहे. टॅग काढायचा असल्यास सहीशेजारी कारण लिहावं. बाजूला बदली नको, हूड दुरुस्त हवा, आणि प्रत्येक ओट्याला एक स्टूल. एकीला दिलं की सगळ्या मागतील, हे आपलं म्हणणं बरोबर आहे. सगळ्या मागत आहोत. सोमवार, २९ सप्टेंबरपर्यंत लेखी उत्तर द्यावं.'